फळीची मागची बाजू

सकाळी सहाच्या घंटेला पंढरी कल्याण स्टेशनामागील रंगाच्या शेडचे कुलूप काढी. रंगावर रात्रीतून धरलेली साय काडीने अलगद उचलून टाकी, काजळी तेलात घोटी, हिरमुजीची तांबडी पूड फडक्यातून गाळी. रेल्वे कंपनीकडून रंग तीनच येत: काळा, पांढरा, हिरमुजी. मग कुंचला नीट चालतो का हे पाहण्यासाठी भिंतीला टेकवलेल्या सागवानी फळीवर एक फटकारा ओढी. त्यानंतर दिवसभर स्टेशनाच्या पाट्यांवर अक्षरे. त्यांची उंची, जाडी, अंतर सारे वरून ठरून येई. नऊ वर्षांत एका वेलांटीचे वळणही त्याचे स्वतःचे नव्हते.

फळीवरचा फटकारा मात्र त्याचा होता. आरंभी तो कुठेही पडे; पुढे पंढरी जागा निवडू लागला. राखाडी, फिकट गुलाबी, काळपट तांबडे चौकोन एकमेकांना लागून बसत गेले. त्यांत झाड नव्हते, माणूस नव्हते, देव नव्हता. कोपऱ्यातला एक चौकोन अजून कोरा होता. त्याचा रंग ठरत नव्हता.

तो आणि त्याची बायको बायजा पूर्वी कोपरीच्या मिठागराच्या वाफ्यांत अनवाणी राबत; ते बंद झाल्यावर ती दोघे कल्याणला आली होती. एकदा भाकरी घेऊन आलेली बायजा त्या फळीपुढे थबकली.

"ह्यं काय काढलंय?"

"काय नाय. कुंचला पुसतो."

"पुसतो म्हनं!" ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "बघून पाय चुरचुरतात माझे."

पंढरीला दुसऱ्या कुणाचे मत नको होते.

वैशाखातल्या एका मंगळवारी हेडमिस्त्री परशुराम शेडमध्ये आला. मुसाफिरखान्याची पाटी उभी तडकली होती आणि सोमवारी मोठा साहेब पाहणीला येणार होता.

"कोठारात मुरलेलं लाकूड नाही. ही फळी घे, खरवडून काढ."

"मिस्त्री, दुसरी कुठली..."

"अरे, पुसणं आहे ते! पुसण्यावर जीव जडला की काय तुझा?"

"नऊ वर्षांचं आहे."

"असेल. पण फळी कंपनीची, रंग कंपनीचा, आणि तूही कंपनीचाच." परशुराम दुष्ट नव्हता; दारातून वळून म्हणाला, "घरी नेलीस तर चोरी होईल, बाबा. मला बघावं लागेल."

पंढरी खरवडणी हातात घेऊन बराच वेळ बसला. नकार दिला तर नोकरी जाईल, आणि फळी दुसरा कुणी खरवडील. शेवटी त्याने खरवडणी खुंटीला अडकवली, फळी उलटी केली आणि मागच्या खरबरीत बाजूवर रंधा धरला.

गुरुवारपर्यंत तिथे काळ्यावर पांढरी, नेमून दिलेल्या मापाची अक्षरे उमटली. शुक्रवारी सकाळी, नेहमीच्या फटकाऱ्याच्या वेळी, त्याने दुसऱ्या बाजूचा कोरा चौकोन पांढरा भरला. तो वाळायला दोन दिवस दिले.

रविवारी दुपारी त्याने पाटी मुसाफिरखान्याच्या दारावर चढवली. भिंत आणि फळी यांच्यामध्ये बोटभर जाडीच्या दोन पट्ट्या घातल्या.

"पट्ट्या कशाला रे?" खालून परशुरामाने विचारले.

"भिंतीची ओल लागू नये म्हणून."

परशुराम क्षणभर पाटीकडे पाहत राहिला. मग त्याने शिडी घट्ट धरली, आणि पंढरीने चारही स्क्रू आवळले.