आत्याच्या मानाची पैठणी

गुलमंडीवरच्या त्या दुकानात चपला काढून बद्रीनाथ पांढऱ्या गादीवर बसला, तेव्हा त्याला वाटलं होतं की पाच मिनिटांचं काम आहे. साडी बघायची, पसंत पडली की बांधून घ्यायची आणि गाडीला किक मारायची. साडीच्या दुकानातलं काम पाच मिनिटांत उरकतं असं वाटणारा पुरुष एक तर ब्रह्मचारी असतो, नाही तर भाबडा. बद्रीनाथचं निम्मं आयुष्य संसारात गेलं होतं, म्हणजे तो भाबडाच.

बायकोला, वच्छलाबाईला, त्यानं घरून निघताना एवढंच सांगितलं होतं की अक्काला साडी घ्यायचीय. तिनंही फार खोदून विचारलं नव्हतं. आजारी नणंदेला मऊसूत सुती साडी बरी पडेल, असा तिचा हिशेब. पण दुकानात बसल्या बसल्या बद्रीनाथ म्हणाला, "पैठणी दाखवा. हातमागावरची. नकली नको," आणि वच्छलाबाईनं मान वळवून नवऱ्याकडे अशी नजर टाकली की शेजारी बसलेल्या गिऱ्हाईक बाईलाही ती समजली.

अक्का म्हणजे आवडाबाई, बद्रीनाथची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि या पोरीनं परकर-पोलक्याच्या वयात धाकट्या भावाला कडेवर घेतलं, ते तो शाळेत जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढं तिला गारखेड्याला दिली. तेव्हा गारखेड्यात ज्वारी उभी असायची. आता त्या शेतांत कॉलन्या उभ्या राहिल्या आणि दाजींच्या रानाचे प्लॉट झाले. पैसा आला, पण दाजींच्या खिशातून तो बाहेर निघायला तयार नसे, आणि अक्काही मागणाऱ्यातली नव्हती. तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, तीही नवऱ्याकडे नाही, भावाकडे.

ते गावच्या तात्यासाहेबांच्या घरच्या लग्नात झालं होतं. तात्यासाहेबांच्या सुनेनं जांभळी पैठणी नेसलेली, पदर मागं लोळत होता. पदराला माती लागतेय या निमित्तानं अक्कानं तो उचलला आणि बाई बसेपर्यंत धरूनच ठेवला. परत येताना ती बद्रीनाथला म्हणाली, "तू नोकरीला लागला की मला अशी घेशील का रं?" शाळकरी बद्रीनाथ ऐटीत म्हणाला, "दोन घेईन."

बद्रीनाथ वाळूजला कंपनीत लागला, बजाजनगरात घर झालं, मुलगी झाली. दर भाऊबीजेला तो अक्काला साडी नेई, साधी, धुवट रंगाची, आणि दर भाऊबीजेला ती ओवाळताना म्हणे, "पैठणी कुठंय रं चोरा?" सगळे हसत. तोही हसे. एखाद्या गोष्टीची थट्टा होऊन बसली की ती खरी करायची राहूनच जाते, आणि माणसाला वाटत राहतं की पुढच्या वर्षी बघू.

या वर्षी संक्रांतीनंतर अक्काचं पोट दुखायला लागलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दाजींना आणि बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. बाहेर कॉटवर पडलेल्या अक्कानं विचारलं, "काय म्हन्ला डाक्टर?" दाजी म्हणाले, "आतड्याला सूज हाय. पावसाळ्यापस्तोर उतरंल." तेव्हापासून घरात सगळे सुजेचंच बोलत होते. शेजारच्या बायकांनाही तसंच पढवून ठेवलं होतं.

आणि म्हणून बद्रीनाथ सुट्टीच्या दिवशी इथं येऊन बसला होता.

दुकानदाराच्या माणसानं एकेक घडी उलगडत गादीवर रंगांचा ढीग केला. त्यात एक जांभळी निघाली. हिरवे काठ, पदरावर मोर. "हात लावून तर बघा काका. पोतच वेगळा हाय. भाभी, देखो तो सही." बद्रीनाथनं हात लावला आणि मग किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली. त्यानं मनाची तयारी केली होती, तरी हात जरा मागं आला.

"कांचनच्या लग्नाला ठेवलंय त्यातून देईन," तो खालच्या आवाजात म्हणाला. कांचन त्यांची एकुलती एक, जालन्याला नर्सिंग शिकत होती. "तिचं अजून कशात काय नाय. तवर भरून काढू."

"मी पैशाचं बोलले का?" वच्छलाबाई म्हणाली. "पर नेसतील किती डाव त्या?"

"एक डाव नेसली तरी फिटलं."

दुकानातला माणूस हसून म्हणाला, "लग्नाची खरेदी दिसतेय. घरातलंच लग्न का?" आणि तो चहा सांगायला उठला.

तो गेला तशी वच्छलाबाई नवऱ्याजवळ सरकली. "आवं, तुमच्या ध्यानात कसं येईना? भाऊबीज नाय, लगीन नाय, कायबी सण नाय. आन् भाऊ एवढी भारी साडी घेऊन बहिणीच्या दारात उभा. आजारी बाईच्या. त्यांला काय वाटंल?"



आपल्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची पडते. भावानं आणायची, बायांनी नेसवायची, मगच तिला घराबाहेर काढायचं. बद्रीनाथनं किती मयतींना ही साडी येताना पाहिली होती. खुद्द त्याच्या आईची साडी मामानं कशी धावतपळत आणली, तेही त्याला आठवत होतं. पण पैठणीच्या नादात हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. अक्काच्या मात्र पहिल्या नजरेत आलं असतं. घरच्यांनी एवढे दिवस दाबून ठेवलेलं तिला त्याच्या हातातल्या पिशवीनं सांगून टाकलं असतं.

"मंग नको घ्यायला," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण हात साडीवरच होता. आज घेतली नाही तर घ्यावी लागणारच होती, त्या दिवशी. याच गादीवर बसून, याच माणसाकडून. हीच जांभळी अक्काच्या अंगावर पडणार, सगळ्या बाया म्हणणार भावानं काय साडी आणली, आणि जिच्यासाठी आणली तिला त्यातला एक मोर दिसणार नाही. नेली तर तिला मरण कळतं, न न्यावी तर तिला पैठणी कळत नाही. पन्नाशी ओलांडलेला, कंपनीत पोरांना दरडावणारा हा गडी भर दुकानात हमसून रडायच्या बेतात आला.

चहा आला. दोघांनी तो नुसता हातात धरला. वच्छलाबाईचेही डोळे भरले होते, नणंदेशी तिचं कधी वाकडं नव्हतं. पण बायकांचं डोकं रडताना बंद पडत नाही. पदरानं डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "कांचनचं जमलं म्हना."

"काय?"

"कांचनचं लगीन जमलं म्हना. आत्याच्या मानाची साडी हाय. पोलकं शिवायचं ऱ्हातंय, पदराला गोंडे लावायचे ऱ्हात्यात, म्हून आधीच आनली म्हना. आत्याला मान तर द्यावाच लागतो. मंग कशाला संशय येतोय?"

"पोरीच्या लग्नाचं खोटं बोलू व्हय?"

"मंग खरं बोलता का?"

बद्रीनाथनं साडी बांधायला सांगितली.

दुपारी तो एकटाच गारखेड्याला गेला. वच्छलाबाई म्हणाली, माझ्याच्यानं त्यांच्या तोंडाकडं बघून बोलवणार नाय. दाजी दारातच बसले होते, आत कूलर घरघरत होता आणि अक्का लोखंडी पलंगावर गाऊन घालून पडली होती. जन्मभर नऊवारीत वावरलेल्या बाईला गाऊनची लाज वाटे, म्हणून कुणी आलं की ती अंगावर टॉवेल ओढून घेई. भावाला बघूनही तिनं तो ओढला. हाताची काडी झाली होती. बद्रीनाथनं एका दमात सगळं सांगून टाकलं. कांचनचं जमलं. पोरगा वाळूजलाच कंपनीत हाय. गंगापूरकडली मानसं हायेत, चांगली हायेत. ही तुझ्या मानाची.

अक्काच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून त्याला आपण काय करून बसलो असं झालं. ती हसली, रडली, सुनेला, आशाला, हाका मारून तिनं उशा लावून घेतल्या आणि उठून बसली. कित्येक दिवसांत ती बसली नव्हती. पोरगा किती शिकला, दिसायला कसा, नणदा किती, सासू बोलायला कशी, एकामागून एक विचारत सुटली. बद्रीनाथ सुचतील ती उत्तरं देत गेला. एरवी खोटं न बोलणाऱ्या माणसानं एका बसणीत आख्खं सोयरं घराणं उभं केलं. दारातून दाजी ऐकत होते. त्यांनी एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे, आणि ते अंगणात निघून गेले.

मग अक्कानं मांडीवर साडी घेतली. पदराचं टोक तेवढं वर करून तिनं मोरांवरून बोट फिरवलं. "आनलीस व्हय रं चोरा," ती म्हणाली.

बद्रीनाथला वाटलं, जमलं. खोटं बोललो तर बोललो. "अक्का, नेसून दाखीव की. आशा नेसवंल."

आशा पुढं झाली. अक्कानं साडी छातीशी धरली. "येडा झाला का काय तू? मानाची साडी मांडवाआधी कुनी नेसतं व्हय? पोरीला अपशकुन व्हईल."

हे त्यालाही ठाऊक होतं, वच्छलाबाईलाही ठाऊक होतं. पण दुकानात दोघांना एकच घोर होता, साडी दारातून आत कशी न्यायची.

"माप बघायला तर नेस."

"साडीला माप अस्तंय व्हय?" अक्का खुदकन हसली.

"मंग नुसती खांद्यावर तरी टाक. येक डाव."

"नाय बाबा. घडी मोडायची नाय. माझ्या कांचनला हळद लागंल, तवाच मोडीन."

"अक्का, मी मांडवात दुसरी घेतो. ही आज नेस. माझं ऐक."

"कामून? मी तुला लुटायला बसले व्हय?" आणि मग जरा रोखून, "तुला आज एवढी घाई कशाची झाली?"

आणखी एक शब्द बोलला असता तर सगळं उघडं पडलं असतं. लग्न खोटं आहे म्हणावं तर साडी खरी कशाची, तेही सांगावं लागणार. तो म्हणाला, "नाय, घाई कशाची," आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याच्या समोर, हातभर अंतरावर, त्याच्या बहिणीच्या मांडीवर तिला हवी होती तशीच पैठणी होती, आणि ती तिच्या अंगावर घालण्याचा एकही मार्ग त्यानं स्वतःला शिल्लक ठेवला नव्हता.

अक्कानं पदर पुन्हा होता तसा दुमडला, कागद नीट केला आणि साडी आशाच्या हातात दिली. "वरच्या खणात ठेव. डांबरगोळ्या लांब ठेव, जरीची तार काळी पडती." साडी कपाटात गेली. कपाटाचं दार लागलं. मग तिनं सकाळपासून तशीच पडलेली पेजेची वाटी मागितली. आशा बघतच राहिली, कारण रोज चार चमच्यांसाठी तिला विनवण्या कराव्या लागत. अक्कानं वाटी तोंडाला लावली. घोट उतरताना कळ येत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, तरी ती थांबेना. "मांडवात हुबं ऱ्हायचं तर अंगात बळ नको व्हय?" ती म्हणाली. बद्रीनाथला ते बघवत नव्हतं आणि उठूनही जाववत नव्हतं.

वाटी खाली ठेवून तिनं विचारलं, "तारीख कधीची धरलीय?"

हे त्यानं आणि वच्छलाबाईनं ठरवलंच नव्हतं. "तुळशीचं लगीन लागलं की," त्याच्या तोंडून गेलं.

अक्का बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागली. वैशाख, जेठ, आखाड. श्रावणाशी ती जरा दमली, भिंतीला टेकली, श्वास घेतला आणि पुन्हा मोजत कार्तिकापर्यंत पोचली.

"व्हतंय की," ती म्हणाली. "सूज तर पावसाळ्यातच उतरंल म्हन्त्यात. पर बद्री, तेवढी तारीख आता फुडं ढकलू नको हं."

"नाय ढकलत अक्का," बद्रीनाथ म्हणाला.