शिंपीकाकांचा हत्ती मावेल का?

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. भिंतीवरची नव्हे, पुठ्ठ्याची. व्हिडिओ काढणाऱ्या एका ताईंनी बुटांच्या खोक्यातून दोन काटकोनी पट्ट्या कापल्या, काळ्या रंगवल्या आणि चिमट्यांनी जोडल्या. पट्ट्या सरकवल्या की मी आडवी होते, उभी होते, चौरसही होते. कॅमेरा लावण्याआधी ताई मला डोळ्यासमोर धरून बघत. मी जन्माची भोचक! आत काय येणार नि बाहेर काय राहणार, हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे.

पुढे सगळे मोबाइलवर बघू लागले. जो तो म्हणे, उभंच काढा. मग मला कोण विचारतो? मी खणात वायरींच्या गुंत्यात पडून राहिले. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा शेजारचे शिंपीकाका आणि काकू आले. काकांना ऐकू येत नाही, ते खुणांनी बोलतात. परगावी राहणाऱ्या लेकीच्या मुलाला मात्र ऐकू येतं. तो आजोबांची भाषा शिकेल ना, याची काकांना धास्ती होती. म्हणून त्यांनी त्याच्यासाठी खुणांनी हत्तीची एक गोष्ट सांगितली होती. ताईंनी ती उभी चित्रित करून पाठवली, तर लेकीनं कळवलं, "बाबा, अर्धा हत्ती फोनबाहेर राहिला."

काका खट्टू झाले होते. राहू दे आता, अशी त्यांनी खूण केली.

ताईंनी मला शोधून काढलं. उभी धरली, तर काकांचे हात कोपरापासून गायब. आडवी धरली, तर हात मावले, पण फोनवर चेहरा शेंगदाण्याएवढा दिसला असता.

"फोन आडवा धरला तर?" ताईंनी विचारलं.

"लेकीच्या कडेवर पोर असतं, एका हातानं कसा धरणार? आणि यांच्या भुवयासुद्धा बोलतात बरं का," काकू म्हणाल्या.

मग ताईंनी काकांना हत्ती करायला सांगितला आणि त्या माझ्या पट्ट्या हळूहळू सरकवत राहिल्या. मी जवळजवळ चौरस झाले, तेव्हा सोंड, दोन्ही कान, भुवया, सगळं आत आलं. तसंच चित्रण झालं.

काही दिवसांनी लेकीचा व्हिडिओ आला. नातवानं दोन्ही पंजे कानांपाशी नेऊन फडफडवले. काकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि डोळे पुसले.

मित्रांनो, चौकट कुठलीही निवडा, पण समोरच्याला आधी त्याची गोष्ट करून दाखवू द्या. त्याला किती जागा लागते ते नीट बघा.

उद्या काका जिराफ सांगणार आहेत. त्या मानेला माझी उंची पुरेल का, याचाच मी आता विचार करतेय.