कोंबडीचे सगळे हक्क

“माझी कोंबडी हातात पडली, की वर्षाच्या आत बायको घरात!” अलासितासच्या, म्हणजे चिमुकल्या वस्तूंच्या जत्रेत प्लास्टरच्या कोंबड्या घडवून विकणारा सेवेरो छाती ठोकून सांगायचा.

“मग तुमची कुठे अडकलीय, डॉन सेवेरो?” शेजारच्या टपरीतून फिलोमेना विचारायची. ती विधवा; बोटाएवढ्या सुटकेसी विकायची. इथली श्रद्धाच अशी, की सुटकेस घेणाऱ्याला खराखुरा प्रवास घडतो. तसंच प्लास्टरच्या कोंबडीने पुरुषाला बायको मिळते, कोंबड्याने बाईला नवरा. मात्र पक्षी दुसऱ्याने द्यावा लागतो, आणि भर बारा वाजता यातिरीबाबाने त्याला धूप दाखवावा लागतो.

सेवेरोला कोण देणार? ज्याच्या खाटेखालीसुद्धा कोंबड्या, त्याला आणखी एक कशाला? अख्ख्या ला पास शहराची लग्नं जुळवून तो संध्याकाळी एकटाच सूप भुरकायचा. समोरच्या खुर्चीत कोंबड्या वाळत असायच्या.

शेवटी त्याने डोकं लढवलं. मान तिरकी करून बघणारी आपली कोंबडी साच्यासकट, उरलेल्या मालासकट, सगळ्या हक्कांसकट कारखानदार लोआयसाला विकून टाकली. पुन्हा तसली घडवणार नाही, असं लिहूनही दिलं. आता आपल्याकडे एकही नाही म्हटल्यावर फिलोमेनाला दया येईल, हा हिशोब.

पुढच्या जत्रेत तो सिमेंटच्या चिमुकल्या गोण्या मांडून बसला. आणि आली की दया! बाराला थोडा अवकाश असताना फिलोमेनाने कागदाची पुडी पुढे केली.

“घ्या. तुमचं ते पडलेलं तोंड बघवेना मला.”

सेवेरोने पुडी सोडली. मान तिरकी, पण डोक्यावर तुरा! लोआयसाने खर्च वाचवायला कोंबडा-कोंबडी एकाच साच्यात उरकली होती; फरक काय तो तुऱ्याचा.

“अगं बाई! कोंबडी म्हणून दिली हो मेल्याने!”

नवरा घेऊन सेवेरो काय करणार? त्याने कानस काढली आणि तुरा घासून टाकला. त्याची जुनी कोंबडी पुन्हा त्याच्याकडे बघू लागली. तेवढ्यात बाराच्या घंटा झाल्या. यातिरीबाबाने तिला धूप दाखवला.

धूर विरला, तर पुढ्यात लोआयसा.

“माझी कोंबडी घडवलीत?”

“अहो, भेट मिळालीय मला!”

“भेट मिळाला तो कोंबडा. कोंबडी तुम्ही केलीत. आणा इकडे.”

त्याने ती खिशात टाकली. तो विधुर होता.

फिलोमेना तणतणत कारखान्यात जाब विचारायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. जूनमध्ये दोघांचं लग्न झालं.