मी रिकामा नाहीये!

मी मेमरी कार्ड बोलतोय. कॅमेऱ्याच्या पोटात सरकवतात ना, तो निळा चौकोनी तुकडा. आणि आधीच सांगतो, माझं डोकं जाम फिरलंय!

मूळचा मी मुंबईचा. फोर्टच्या फुटपाथवर पाकिटात लटकत मस्त गर्दी बघायचो. जुनेराने मला भावाच्या, म्हणजे नबीलच्या लग्नासाठी उचललं आणि थेट मुरुडला आणलं. इथे माड, सुकत घातलेली मासळी आणि नेटवर्कची बोंब. म्हटलं ठीक आहे, लग्न तर आहे!

मेंदीच्या संध्याकाळी आतल्या खोलीत फक्त बायका. ढोलकी, गाणी, नुसता धिंगाणा. जुनेराची अम्मी, फरिदाचाची, कॅमेरा दिसला की पदर ओढून पाठ फिरवायची. पण त्या दिवशी कुणीतरी नवरदेवाची नक्कल केली आणि चाची अशी हसली, अशी हसली, की पदराचं भानच राहिलं नाही. क्लिक! माझ्या आयुष्यातला बेस्ट फोटो.

"जुनेरा, कुणा मर्दाला दिसला तर बघ हां!"

"नाय गं दिसत, अम्मी."

दुसऱ्या दिवशी निकाहसाठी कॅमेरा पुरुषांकडे जाणार होता. म्हणून जुनेराने मेनूत जाऊन बायकांचे सगळे फोटो लपवून टाकले. हुशार पोरगी! नंतर साफ विसरली.

यंदा फरिदाचाची गेली. अचानक. घरात तिचा धड एक फोटो नाही. आधारकार्डावरचा आहे, पण त्यात तिने स्वतःलाही ओळखलं नसतं.

जुनेराचे अब्बा, करमअलीचाचा म्हणाले, "मेंदीच्या दिवशी मी दाराबाहेर उभा व्हतो. ती हसलेली मी ऐकलंय. पोरीने फोटो काढलाय."

नबीलने कॅमेरा चालू केला. निकाह, बिर्याणी, मामू, परत बिर्याणी. जुनेराला मुंबईला फोन लावला, तर ती म्हणते, "कार्डातच आहेत रे, नीट बघ!"

मग नबील आणि चाचांनी मला बाजारातल्या स्टुडिओत नेलं, लॅपटॉपला लावलं. तिथेही तेच. अरे, लपवलेल्या फाइल दाखवायची सोय असते त्यात, ती चालू कर ना! पण नाही.

"निम्मं कार्ड भरलेलं दाखवतंय, पण तेवढे फोटो नाहीत," स्टुडिओवाला निकेत म्हणाला. "व्हायरस असणार. फॉरमॅट मारू?"

भरलेलं दाखवतंय ना? मग त्यात काय वाळू भरलीय? मी आतून बोंबलतोय, पण आम्हाला तोंड कुठे दिलंय कंपनीने! फॉरमॅट म्हणजे सगळं साफ, लपवलेलंसुद्धा. चाचीचं हसू कायमचं गेलं असतं. आणि निकेतचं बोट बटणावर.

"थांब," चाचा म्हणाले. "पोरीला येऊ दे."

शनिवारी जुनेरा एसटीने आली. बॅग खांद्यावरच, कॅमेरा हातात, मेनू उघडला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला, मीच लपवलेले!"

चाचा पुढे सरसावले. "अब्बा, थांबा ना! त्यात शेजारच्या खाला पण आहेत." तिने बाकीचे फोटो स्वतःकडे उतरवून घेतले, माझ्यातून पुसले आणि उरलेला एक समोर धरला.

चाचा बघतच राहिले. "पदर कुठाय हिचा?" एवढंच बोलले.

"मोठा करून हॉलमध्ये लावूया," नबील म्हणाला.

"जुनेरा, अम्मीने काय सांगितलेलं तुला?" चाचांनी विचारलं.

"कुणा मर्दाला दाखवायचा नाही."

"मग ठेव परत लपवून. मला फक्त बटणं शिकव."

परत लपवून?! अहो, एवढा जीव टांगणीला लावलात माझा, आणि परत लपवून?

आता रोज दुपारी जेवण झालं की चाचा कॅमेरा घेऊन पडवीत बसतात. लपवलेले फोटो त्या मेनूत छोटे छोटे दिसतात, तिथे चाची एकटीच हसत असते. नबीलची पावलं वाजली की झटकन बंद! अहो, मुलगा आहे तो! आणि तुम्ही मर्द नाही का?

लोकहो, हात जोडायला हात नाहीत मला, पण फॉरमॅट मारायच्या आधी निदान फोटो काढणाऱ्या पोरीला समोर बसवून विचारा. कार्ड रिकामं दिसलं म्हणून रिकामं नसतं.

झालं, परत चुकीचं बटण दाबलं यांनी. अहो चाचा, उजवीकडचं! उजवीकडचं! ती तिथेच आहे!