खाली दाबायचा ब्रेक

आमच्या ह्यांनी उभा जन्म बस चालवली आणि शेवटी त्यांना हरवलं कुणी, तर चार चाकांच्या वॉकरने!

वॉकर वाईट नव्हता. मध्ये बसायला छोटी सीट, दोन्ही मुठींखाली सायकलसारखे ब्रेक. गोम त्या ब्रेकमध्येच होती. वर ओढून धरला की चाकं थांबायची, पण हात सोडला की सुटायची. सीटवर बसायचं तर ब्रेक खाली दाबायचा, खट् आवाज होईपर्यंत. मग वॉकर जागचा हलत नाही. आणि ह्यांच्या बसचा हँडब्रेक? तो वर ओढायचा. डोक्याला समजावता येतं हो, हाताला कोण समजावणार? बसायची वेळ आली की हात वर.

असेच एकदा स्वयंपाकघरात पडले. खुबा वाचला, पण मुलगा हट्टाला पेटला. "आई, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. तुला उचलता येतंय का त्यांना?" मी त्याला नको नको ते बोलले. शेवटी एवढंच पदरात पाडून घेतलं की फिजिओथेरपीची बाई घरी येऊन बघेल. ह्यांना एकट्याने उठता, चालता, बसता आलं तर हे घरी राहतील. नाहीतर नाही.

मग काय, आमची शाळा सुरू. पलंगापासून बाथरूम, बाथरूमपासून ओटा. बसायची वेळ आली की मी ओरडायचे, "खाली!"

"अगं, मी काय बहिरा आहे?"

"बहिरे नाही, हट्टी आहात."

पण हाताला हळूहळू वळण लागलं. मी तोंड मिटून उभी राहायचे आणि खट् आवाज यायचा. इतका आनंद व्हायचा, काय सांगू! एकदा तर सीटवर बसून म्हणाले, "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

बाई आली. तरुण, गोड बोलणारी. मला म्हणाली, "आजी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही हं. त्यांचं त्यांना करू दे." मुलगा दाराशी हाताची घडी घालून उभा.

हे उठले. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. बाथरूमपर्यंत गेले, वळले. उंबऱ्याला चाक अडलं तेही न गडबडता उचललं. "वा, आजोबा!" बाई म्हणाली. "आता सीटवर बसून दाखवा."

त्या 'वा'ने घात केला. हे खुलले. पाठ ताठ केली, मुलाकडे एकदा ऐटीत पाहिलं आणि दोन्ही ब्रेक वर ओढले. चाकं थांबली. ह्यांना वाटलं, झालं काम. हात सोडून वळले, बसायला वाकले. मागे वॉकर हळूहळू सरकत होता आणि तो त्यांना दिसत नव्हता.

मला दिसत होता. बोलले तर घर सुटलं, नाही बोलले तर खुबा मोडला.

"अहो, ब्रेक खाली!"

हे अर्धवट वाकलेले थबकले. भिंतीला धरून वळले, ब्रेक खाली दाबले, बसले. पडले नाहीत.

बाई म्हणाली, "आजी, तुम्ही जवळ नसाल तेव्हा त्यांना कोण सांगणार?"

"मी कुठे मरायला जाणार आहे?" मी कडाडले.

"आई, पुरे," मुलगा म्हणाला.

हे माझ्याकडे बघत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. "बोलायचं नव्हतंस गं," एवढंच म्हणाले.

आता मी रविवारी तिकडे जाते. जागा स्वच्छ आहे, औषधं वेळेवर मिळतात, तक्रारीला जागा नाही. पण वॉकर घडी करून कपाटामागे ठेवलाय. विचारलं तर नर्स म्हणाली, "आजोबा पडले तर आमच्या अंगावर येतं. आम्ही नेतो ना चाकाच्या खुर्चीतून." चालणारा माणूस दिवसभर बसवून ठेवलाय मेल्यांनी!

गेल्या खेपेला मी कुणाला न विचारता वॉकर बाहेर काढला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. "उठा. मी आहे ना."

त्यांनी मुठी धरल्या. जोर लावला, पुन्हा लावला. पायांत ताकदच उरली नव्हती. घाम पुसत त्यांनी दाराकडे पाहिलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"ठेव बाई तो परत," हे म्हणाले. "नर्स ओरडेल मला."