हंसांच्या चोचींना तोट्या

मित्रांनो, मी एक जुने कारंजे आहे. पण जुने म्हणून माझी ऐट कमी समजू नका! मकराण्याचा पांढराशुभ्र दगड, मधोमध कमळ आणि चार बाजूंना माना उंचावलेले चार हंस. सरदार संभाजीरावांनी पडाव नावाच्या पेठेजवळ हवेली बांधली, तेव्हा मला अंगणात बसवले. इंजिन विहिरीचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवी आणि तिथून ते हंसांच्या चोचींतून उसळे. दरबारी पाहुणे "वाहवा!" म्हणत आणि मी खुशीत येई.

भिंतीपलीकडे शिपायांची वस्ती होती. आमचे इंजिन चालले की त्यांची विहीर आटे. उन्हाळ्यात तिथल्या बायका घागरी घेऊन पार किल्ल्याच्या दरवाजाशी, किला गेटच्या सरकारी नळापर्यंत जात.

मग संस्थान विलीन झाले. दरबार मोडला, पलटणी मोडल्या. पुढे राजधानीही आमच्या शहरातून भोपाळला गेली आणि उरलेसुरले अंमलदारही गेले. तरी संभाजीराव रोज संध्याकाळी पगडी घालून ओसरीवर बसत, मला सुरू करायला लावत आणि पाहुण्यांची वाट पाहत. पाहुणे येत नसत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा! खरे सांगू? मला तो पीळ आवडे.

पुढच्या चैत्रात हवेलीत गौरीचे हळदीकुंकू होते. रिवाजाप्रमाणे वस्तीतल्या बायकाही आल्या. संभाजीरावांच्या पत्नी लीलाताई ओट्या भरत होत्या. एका शिपायाची बायको, वनमाला, पुढे आली. तिने पदर पसरलाच नाही. रिकामी घागर पुढे केली.

"ताईसाहेब, नारळ राहू द्या. ओटी भरायचीच तर हिच्यात पाणी घाला. आमची विहीर बिलकुल सुकली. सकाळपासून लाइनमध्ये उभी होते, बारी आलीच नाही."

तिच्या मागे माझे पाणी उसळतच होते.

लीलाताई ओसरीकडे वळल्या. "ऐकलंत ना? सवाष्ण दारातून रिकामी पाठवू?"

"कारंजं बंद पडलं तर लोक काय म्हणतील?" संभाजीराव म्हणाले. "संभाजीराव खतम झाला म्हणतील!"

"कोणते लोक? फाटकातून आज ह्याच आल्यात."

संभाजीरावांनी अंगणातल्या बायकांकडे पाहिले. मग त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, "भरा ओटी. सगळ्यांचीच भरा."

आठवड्याभरात भिंतीला दार पाडले आणि माझ्या हंसांच्या चोचींना पितळी तोट्या बसवल्या. मला इतका राग आला म्हणून सांगू! हंसाला कोणी तोटी लावते का? पण पहिली घागर भरली, वनमाला ती डोक्यावर घेऊन हसत घरी गेली, आणि माझा राग कुठच्या कुठे गेला. आता मला कोणी "वाहवा" म्हणत नाही. "सरक गं, हा हंस माझा!" म्हणून बायका भांडतात. ते भांडण मला फार गोड वाटते.

मित्रांनो, मोठे झालात की सुंदर घरे जरूर बांधा. सुंदर असणे हा काही गुन्हा नाही. पण आधी भिंतीपलीकडे डोकावून या. आणि सध्या एवढेच करा: पाणी पिऊन झाले की तोटी घट्ट पिळा. काल तुमच्यातलेच कोणीतरी ती उघडी टाकून खेळायला पळाले. तेवढ्या पाण्यात एका घराची रात्रीची भाकरी झाली असती.