आखूड पडलेला पाइप

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडले की तुमचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते, मग बॅटरीकडे. माझ्याकडे कोणी पाहत नाही. मी एक जुना रबरी पाइप आहे. अंगठ्याएवढा जाड, काळा, एका टोकाशी कोपरासारखा वाकलेला. मला ब्रीदर पाइप म्हणतात. इंजिन चालू असले की त्याच्या पोटात तेलकट वाफ साठते. ती वाफ मी हवेच्या नळीत नेऊन सोडतो. तिथून ती पुन्हा इंजिनात जाते आणि जळून जाते. माझे काम एवढेच, पण ते झाले नाही तर इंजिन गुदमरते.

कच्चे रबर लोखंडी साच्यावर चढवून मला वाफेत शिजवले, तेव्हा माझ्या अंगाला हा वाक आला. मग मी एका पांढऱ्या गाडीत बसलो आणि गाडी बडोद्यात जनार्दनरावांच्या घरी आली. जनार्दनराव कोयलीच्या रिफायनरीत पाइपांच्या देखभालीचे काम करत. कामावर ते कंपनीच्या बसने जात आणि गाडी घरच्यांसाठी ठेवत. पावागड, डाकोर, वर्षातून एकदा कोल्हापूर. रविवारी सकाळी कारेलीबागेतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते बॉनेट उघडत आणि फडक्याने सगळे पुसत. त्यांची मुलगी अवंती शेजारी उभी राहून एकेका भागाचे नाव विचारी. माझेही नाव तिने असेच विचारले होते.

पुढे ते निवृत्त झाले, गुडघे दुखू लागले आणि गाडीवर खाकी कापड चढले. त्या कापडाखाली मी बराच काळ पडून होतो. रबराला वापर नसला की ते कडक होते. माझ्या सरळ टोकाला बारीक तडे गेले. ते कोणाला दिसले नाहीत.

कापड काढले ते अवंतीनेच. ती आता इंजिनियर होती. एका औषधांच्या कारखान्यातली चांगली नोकरी तिने सोडली होती आणि बडोद्यातच हरणी भागात गाळा घेऊन गाड्यांचे काम सुरू केले होते. जनार्दनरावांना ते मुळीच पटले नव्हते. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त तिच्याशी बोलायचे थांबले. "तिला सांग, ताट वाढलंय," असे ते बायकोला, स्नेहलताबाईंना, म्हणत, आणि अवंती समोरच बसलेली असे.

गाळ्यावर गिऱ्हाईक येत नव्हते. मुलगी गाडीचे काय काम करणार, असे लोकांना वाटे. शहराबाहेरच्या एका मैदानावर लवकरच गाड्यांची स्पर्धा होती. वळणावळणाच्या मार्गावर गाडी पळवायची आणि लागलेला वेळ मोजायचा, अशी. वडिलांची जुनी गाडी तिथे नीट पळवून दाखवली, तर चार लोक गाळ्यावर येतील, असा तिचा हिशेब होता. त्यासाठी तिने हवेचा जुना काळा डबा काढून टाकला आणि त्या जागी बाजारातला नवा फिल्टर आणि चकचकीत ॲल्युमिनियमची नळी बसवली.

नव्या नळीवर मला जोडायचे तोंड होते, पण ते पुढे, दिव्याच्या बाजूला. मी तिथवर पोचेना. चार बोटांनी आखूड पडलो.

अवंतीने मला ओढून ताणून त्या तोंडावर चढवले आणि वरून क्लॅम्प आवळला. गाडी सुरू झाली तेव्हा मी तारेसारखा ताठ होतो. तिने जरा जोरात ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन हलले आणि मी सटकलो. उघड्या तोंडातून भलतीच हवा आत शिरली. इंजिन वरखाली होऊ लागले आणि बंद पडले.

ती लांब पाइप शोधायला बाजारात गेली. परत आल्यावर फोनवर कोणाला तरी सांगत होती, "दुकानवाले काका म्हणाले, बेन, आटलो लांबो पाइप नथी आवतो. एवढा लांब येतच नाही. सरळ मिळतो, पण त्याला तो वाक नाही. सरळ पाइप वाकवला की तिथे दुमडतो."

म्हणून मी गाडीतच राहिलो. स्पर्धा तोंडावर आली होती. तिने घरातला, बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायचा पारदर्शक पाइप घेतला, त्याचा एक तुकडा कापला आणि मला जोडला. दिसायला काम ठीक झाले.

दुसऱ्या दिवशी ती आईला बाजारात घेऊन निघाली. इंजिन तापले. मी आणलेली गरम वाफ त्या तुकड्यात शिरली तसा तो मऊ पडला, आणि आतल्या ओढीने चपटा होऊन मिटला. पुढची वाट बंद झाली. वाफ माझ्यात कोंडली, मागे इंजिनात कोंडली. शेवटी त्या वाफेने ऑइल मोजायची दांडी वर ढकलली. ऑइल उडून तापलेल्या लोखंडावर पडले आणि बॉनेटमधून पांढरा धूर निघाला.

अमितनगर सर्कलजवळ अवंतीने गाडी कडेला घेतली. "आई, आधी उतर!" ती ओरडली. स्नेहलताबाई घाबरून उतरताना पडल्या आणि त्यांचे मनगट मुरगळले. आग लागली नाही. पण त्यांचा कळवळलेला चेहरा मी बॉनेटच्या फटीतून पाहिला, आणि त्याहून वाईट अवंतीचा.

गाडी ओढून सोसायटीत आणली. वर घरात काय झाले ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी अवंती बॉनेट उघडून उभी होती, तेव्हा जनार्दनराव एकेक पायरी उतरत खाली आले.

"आईचा हात कसा आहे?" तिने मान वर न करता विचारले.

"शेकतेय. सूज उतरेल." ते जवळ आले. "काय झालं?"

कितीतरी दिवसांनी ते तिच्याशी थेट बोलत होते. अवंतीने तो चपटा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. "हा मिटला. वाफ कोंडली आणि ऑइल दांडीच्या वाटेनं बाहेर आलं. हा पाण्याचा पाइप आहे, बाबा. ऑइलला आणि उष्णतेला टिकणारा नाही. मला कळायला हवं होतं."

"कारण तर तुला कळलंय. मग मी कशाला उतरलो?"

"जोड कसा द्यायचा ते सांगायला. तुम्ही जन्मभर तेच केलंत."

जनार्दनरावांनी चष्मा सावरला आणि मला हातात घेऊन दाबून पाहिले. माझ्या सरळ टोकावरून अंगठा फिरवला. तडे त्यांच्या डोळ्यांआधी बोटांना कळले.

"एवढं टोक कापून टाक."

"बाबा, तो आधीच आखूड आहे!"

"असू दे. फाटक्या रबरावर क्लॅम्प आवळून काय मिळणार? आधी चांगलं रबर लागू दे. मग हवा तेवढा वाढव."

तिने मला कापले. तडे गेलेले टोक खाली पडले आणि मी आणखी आखूड झालो. खरे सांगतो, आता आपण भंगारात जाणार असेच मला वाटले.

पण दुसऱ्या दिवशी तिने ऑइलसाठीच बनवलेला रबरी पाइप आणला आणि धातूची एक छोटी जोडनळी आणली. तिच्या दोन्ही टोकांना उंच कडा होत्या, पाइप सटकू नये म्हणून. जनार्दनरावांनी तिच्या आतून बोट फिरवले. "भोक लहान नाही ना? बराबर. नाहीतर पुन्हा तिथेच कोंडेल." मग मापाला दोरी धरून म्हणाले, "इथे काप."

"नाही. अजून थोडा लांब हवा."

"कशाला? लोंबेल तो."

"इंजिन हलतं, बाबा. रिफायनरीतला पाइप जागचा हलत नाही. हा हलतो."

जनार्दनरावांनी दोरी सैल सोडली. "हां. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

नवा तुकडा तिने ऐसपैस कापला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये जोडनळी. "रबर चिरेल इतका नको आवळू," असे ते सांगत होते आणि ती "हो, बाबा" म्हणत होती. तापणाऱ्या लोखंडापासून दूर राहावे म्हणून तिने आम्हाला एका पट्टीने बाजूला बांधले. मग बराच वेळ इंजिन चालू ठेवले. दांडी जागची हलली नाही. तरी स्नेहलताबाई गाडीत बसायला तयार नव्हत्या, आणि त्यांना कोणी आग्रह केला नाही.

स्पर्धेला जनार्दनराव गेले. उन्हात, कडेला खुर्ची टाकून बसले. अवंती पहिली आली नाही. तिच्यापुढे बऱ्याच नव्या गाड्या होत्या. पण प्रत्येक वळणावर इंजिन हलले, मी त्याच्याबरोबर हललो, आणि कुठेही सुटलो नाही. शेवटच्या फेरीनंतर तिने बॉनेट उघडले तेव्हा जनार्दनराव उठून आले. त्यांनी आधी मला चाचपले. चटका बसला तसा हात मागे घेतला, आणि पुन्हा लावला.

एक तरुण वाकून पाहत होता. "अंकल, ये जॉइंट किसने किया? मेरी गाडी में भी यही प्रॉब्लेम है."

जनार्दनरावांनी बोट दाखवले. "ये मेरी बेटी है. हरणी में इसका वर्कशॉप है. गाडी लेके आ जाना."

त्या गाळ्याला त्यांनी वर्कशॉप म्हटलेले मी पहिल्यांदा ऐकले. अवंतीनेही ऐकले. ती फडके घेऊन वाकली आणि स्वच्छच असलेली नळी पुसत राहिली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरच्या गाडीचे बॉनेट कधी उघडले गेले, तर इंजिन गार असताना आमच्यासारख्या रबरी पाइपांना दाबून पाहायला मोठ्यांना सांगा. आम्हाला ओरडता येत नाही. तडा गेला तर तो नुसता दिसतो, आणि तोही जवळ येणाऱ्यालाच.